साताऱ्यात सपाट चालायला जागा कुठंय?

मोगरा_७९
नमस्कार मंडळी. वडिलांसाठी विचारतेय. अण्णांचं वय ७४, सगळी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून. शुगर दहा वर्षांपासून आहे आणि गेल्या दिवाळीपासून डाव्या गुडघ्यानं संप पुकारलाय. डॉक्टर म्हणाले, रोज अर्धा तास चाला, पण सपाटीवर. आता तुम्हीच सांगा, साताऱ्यात सपाटी म्हणजे काय असतं? आमच्या कॉलनीच्या गेटातून डावीकडं वळलं की चढ, उजवीकडं वळलं की उतार. रस्त्याच्या कडेनं चालायचं तर गटाराची झाकणं, लावलेल्या गाड्या आणि मागून येणारे डंपर.
जवळची म्हणावी अशी बाग सव्वा किलोमीटरवर. म्हणजे चालायला जायचं तर आधी रिक्षा करायची! दोनदा नेलं. पहिल्यांदा कुलूप होतं, दुसऱ्यांदा बाक ओले. आता अण्णा गॅलरीत येरझाऱ्या घालतात, अकरा पावलं जायचं आणि अकरा यायचं. बघवत नाही हो.
तुमच्या घरची म्हातारी माणसं कुठं चालतात?

चारभिंती
अजिंक्यतारा. विषय संपला. पहाटे साडेपाचला माची पेठेतून सुरुवात करायची, वर मंगळाईचं दर्शन, मोरांची केकावली, साडेसातला घरी. वीस वर्षं झाली, साधी सर्दी नाही. बागेबिगेची सातारकराला गरज काय? देवानं डोंगर दिलाय की.

मोगरा_७९
काका, गुडघा. सपाट. पुन्हा वाचा बरं.

कंदीपेढा
चारभिंती यांना कुठलाही प्रश्न विचारा, उत्तर अजिंक्यताराच. मागं एकानं वॉशिंग मशीन कुठलं घ्यावं म्हणून धागा काढला होता, तिथंही हे गडावर घेऊन गेले होते.

गेंडामाळकर
तो किल्ला घ्यायला औरंगजेबाला १६९९ च्या डिसेंबरपासून १७०० च्या एप्रिलपर्यंत खालीच बसावं लागलं होतं. मोगरा यांच्या अण्णांना निदान तेवढी तरी मुदत द्या!

स्टेथो
चेष्टा बाजूला ठेवून थोडं सांगतो. चढ हृदयाचा कस बघतो, पण गुडघ्याची वाट लावतो तो उतार. उतरताना प्रत्येक पावलाला शरीराचं वजन मांडीच्या स्नायूंनी आणि गुडघ्यानं आवरून धरावं लागतं. त्यामुळं 'हळूहळू चढेन' म्हणणारे येताना लंगडत येतात आणि माझ्यासमोर बसतात. पायथ्यापासून माथा साधारण ३०० मीटर उंच आहे. झिजलेल्या गुडघ्याला हा आकडा लहान नाही.
प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम गतीचं चालणं पुरतं, जागतिक आरोग्य संघटनेचं मापही तेच आहे. पासष्टीच्या पुढं त्यात आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळायचे व्यायाम घालायचे, कारण या वयात पडणं फार महागात जातं. अर्धा तास सलगच चाललं पाहिजे असं काही नाही. शुगरवाल्यांनी तर दोन्ही जेवणांनंतर दहा-पंधरा मिनिटं चाललं तरी जेवणानंतर वाढणारी साखर आटोक्यात राहायला चांगली मदत होते. म्हणून जागा घराजवळ हवी. जेवण झाल्यावर कोण रिक्षा करून बागेत जाणार?
इन्सुलिन किंवा साखर एकदम खाली आणणाऱ्या गोळ्या चालू असतील तर खिशात साखरेची पुडी ठेवा. कोणत्या गोळ्या आहेत ते तुमच्या डॉक्टरांना विचारून घ्या.

आज्जीचा_बटवा
पहाटे दवात भिजलेल्या हिरवळीवर अनवाणी चालवा. डोळ्यांचं तेज वाढतं. आणि काही बागांत गोल दगडगोट्यांचा ॲक्युप्रेशरचा ट्रॅक असतो, त्यावरून रोज दहा मिनिटं. शुगर पळून जाते.

स्टेथो
बटवा, तुमच्या काढ्यांना मी कधी काही बोलत नाही, पण इथं हात जोडतो. दहा वर्षांची शुगर असलेल्या माणसाला अनवाणी चालवू नका, आणि त्या गोट्यांवरून तर मुळीच नाही. तळपायाची संवेदना कमी झालेली असते. काटा टोचला, फोड आला तरी कळत नाही. एक पेशंट माझ्याकडं आले तेव्हा तळव्यात बाभळीचा काटा रुतून आठ दिवस झाले होते. त्यांना वाटत होतं, मोजा ओला होतोय तो घामानं.
बंद बूट, सुती मोजे, आणि घरी आल्यावर तळवे बघायचे. वाकता येत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवून बघायचे.

आज्जीचा_बटवा
बरं बाई. आरशाचं चांगलं सांगितलंत. आमच्या ह्यांनाही सांगते.

मुपो_सांगली
या आमच्याकडं. अख्खी सांगली ताटासारखी सपाट. सकाळी आमराईत जुन्या झाडांच्या सावलीत फेऱ्या मारा, संध्याकाळी १९२९ च्या आयर्विन पुलावर उभं राहून कृष्णेचा वारा खा. गुडघ्याला त्रास नाही, खिशालाही नाही.

कंदीपेढा
आणि पावसाळ्यात कृष्णामाईच फिरायला घरी येते. २०१९ ला तुमचा मामेभाऊ आमच्याकडं तीन आठवडे होता, विसरलात का?

मुपो_सांगली
ते आहेच. तुम्हाला चढ, आम्हाला पूर. ज्याचं त्यानं बघायचं.

शाहूपुरीची_सून
मला वेगळंच बोलायचंय. बागा असतात हो, पण कोणाच्या वेळेत? सकाळी पाच ते नऊ आणि संध्याकाळी चार ते आठ. सकाळी माझे डबे, सासऱ्यांचा चहा, मुलाची बस. संध्याकाळी परत स्वयंपाक. मला मोकळा वेळ मिळतो अकरा ते तीन, आणि तेव्हा बागेला कुलूप. का, तर कॉलेजची पोरंपोरी येऊन बसतात म्हणून. अहो बसू देत की. त्यांनी तरी कुठं बसायचं?
दुसरं म्हणजे स्वच्छतागृह. बायका चाळिशीनंतर चालायला का येत नाहीत यावर भाषणं होतात, पण बागेतल्या संडासाला कडी आहे का ते कोणी बघत नाही. माझ्या सासूबाई चालायच्या आधी दोन तास पाणी पीत नाहीत. याला आरोग्य म्हणायचं?

निवांत
+१. आणि बाक. चालणारा माणूस तरुण असला तर त्याला बाक दिसतच नाही. आईला घेऊन गेल्यावर कळलं की पहिला बाक किती लांब आहे. ती एका बाकाकडून दुसऱ्या बाकाकडं जाते, पाटावरून पाटावर गेल्यासारखी. मधला बाक मोडका असेल तर त्या दिवशीचं चालणं तिथूनच परत.

पेठेतला_जोशी
हा सगळा शहरी लाडावलेपणा आहे. आमच्या आजोबांनी कधी बाग बघितली नाही, ९१ वर्षं जगले. शेतात काम केलं, भाकरी खाल्ली. झाडं बघून तब्येत सुधारते वगैरे पाश्चात्य खुळं आहेत.

स्टेथो
जोशीबुवा, आजोबांना शेत होतं. तीच त्यांची बाग, पगारासकट.
आता झाडं बघण्याचं. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या २३ जोड्या तपासल्या होत्या. जोडीतल्या एकाच्या खिडकीतून झाडं दिसायची, दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडंवाले लवकर घरी गेले आणि त्यांना कडक वेदनाशामकं कमी लागली. रॉजर उलरिक यांचा हा अभ्यास १९८४ मध्ये 'सायन्स'मध्ये आला. संख्या लहान आहे, त्यावरून मी कोणाच्या गोळ्या बंद करणार नाही. पण खुळ म्हणून उडवून लावण्यासारखंही ते नाही.

पेठेतला_जोशी
२३ जोड्या! आमच्या आळीत याहून जास्त जोडपी आहेत.

कंदीपेढा
आणि सगळ्यांच्या खिडकीतून भिंतच दिसते. म्हणून तर भांडतात.

रानवेडा
यावरून आठवलं. कॉनाइनेंडाइक नावाच्या वनशास्त्रज्ञानं २०२१ मध्ये शहरांसाठी ३-३०-३०० असा सोपा हिशेब मांडला. प्रत्येक घरातून किमान तीन मोठी झाडं दिसावीत, वस्तीवर ३० टक्के झाडांची सावली असावी आणि जवळची बाग ३०० मीटरच्या आत असावी. मोगरा यांची बाग सव्वा किलोमीटरवर, म्हणजे चौपटीनं नापास. तुमच्या खिडकीतून किती झाडं दिसतात ते सांगा बघू.

गेंडामाळकर
दोन गुलमोहर, एक अशोक. पास.

निवांत
शेजाऱ्यांचा शेवगा, समोरचा नारळ आणि मोबाईलचा टॉवर. टॉवर धरायचा का? त्यावरही पक्षी बसतात.

शाहूपुरीची_सून
होती तीन. गेल्या मे महिन्यात 'पाला पडतो' म्हणून एक कडुनिंब गेला. आता त्या जागी एका शेजाऱ्यांची चारचाकी असते आणि तिच्यावर सावलीसाठी हिरवं कापड बांधलंय!!

चारभिंती
माझ्या खिडकीतून अख्खा अजिंक्यतारा.

कंदीपेढा
आलं. म्हटलं अजून कसं आलं नाही.

रानवेडा
चारभिंती काका, तुमच्या गडाबद्दल थोडं चांगलं, थोडं वाईट. चांगलं हे की चालणारी मंडळी पाण्याच्या बाटल्या वर नेऊन रोपांना घालतात, वणवा दिसला की फांद्या घेऊन धावतात. मीही धावलोय, भुवया जळाल्यात माझ्या. वाईट हे की झाड म्हणजे पुण्य असं धरून काहीही कुठंही लावतात. आपल्या भागातल्या डोंगरउतारांवर फेब्रुवारीत गुलाबी फुलं दिसतात ना, ती गिरिपुष्पाची. झाड मध्य अमेरिकेतलं. त्याच्याखाली आपलं गवत नीट येत नाही. आणि सड्यांवर, कासच्या बाजूला, खड्डे खणून झाडं लावणं म्हणजे तर फुलांचाच गळा दाबणं. तिथं कातळावर बोटभर माती आहे, त्या फुलांना उघडा सडाच हवा. झाडं वस्तीत हवीत, जिथं माणसं उन्हात चालतात.

चारभिंती
गिरिपुष्प मीही लावलंय पाचपन्नास. तेव्हा तेच मिळायचं हो. उघडा डोंगर हिरवा दिसला याचाच आनंद होता. पुढच्या वर्षी काय लावू ते सांगा, वाद नाही.

रानवेडा
काका, तुमच्यासारखं ऐकणारा माणूस विरळा. उतारावर स्थानिक करंज, बेल, आपटा. निरोप करतो.

पेठेतला_जोशी
धागा भरकटला. गुडघ्यावरून गिरिपुष्पावर.

नकाशावाला
बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज लिहितो. नगररचनेत नकाशे काढण्यात नोकरी गेली माझी. मोगराताई, तुम्ही बाग शोधताय, पण ती तुमच्या कॉलनीतच असण्याची शक्यता आहे. ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जमिनीचा ले-आउट मंजूर करताना दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते. २०२० च्या एकत्रित नियमावलीत ते आहेच, पण बहुतेक जुन्या ले-आउटांतही 'ओपन स्पेस' असं लिहिलेला एक तुकडा असतो. नकाशात हिरवा, प्रत्यक्षात बहुधा राडारोडा, मंडपाचे बांबू, कोणाची तरी वाळू आणि एक पत्र्याची शेड.
प्लॉट घेताना तुमच्या अण्णांना ले-आउटच्या नकाशाची प्रत मिळाली असेल. खरेदीखताबरोबर बघा. नसेल तर नगरपालिकेत मागा. तोंडी मागून मिळाली नाही तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. नकाशा हातात आला की तुकडा कुठं आहे ते पावलांनी मोजून बघा. बऱ्याचदा निम्मा कोणाच्या तरी परसात गेलेला असतो. भांडण तिथं सुरू होतं, तेव्हा आधी चहाला बोलवा, मग मोजा.

मोगरा_७९
काका!! आमच्या मागच्या बोळात एक तारेचं कुंपण घातलेली जागा आहे. गणपतीत मंडप असतो, बाकी वर्षभर कुलूप. मी लहानपणापासून ती कोणाची तरी खाजगी समजत होते. आजच ट्रंक उघडते.

निवांत
ही जागा मिळाली तर एक विनंती. पेव्हिंग ब्लॉक घालू नका. आमच्याकडं हौसेनं घातले, पावसाळ्यात शेवाळ धरलं, आणि पहिल्याच श्रावणात एक काकू मनगट मोडून घेऊन बसल्या. मुरूम टाकून रोलर फिरवायचा. पाणी मुरतं, पायाला मऊ लागतं, खर्चही कमी.

गेंडामाळकर
आणि ती जिमची यंत्रं नकोत. हवेत पाय हलवायचं ते एक, पोरं त्यावर उभी राहून झोका खेळतात. वर्षभरात कुरकुरायला लागतं, मग तेल कोणी घालायचं यावर मीटिंगा.

रानवेडा
झाडांचं माझ्याकडं. एवढ्याशा जागेत वड-पिंपळ नको, मुळं भिंतीत शिरतील. पश्चिमेच्या कडेला कडुनिंब, म्हणजे दुपारची सावली. मग बहावा, ताम्हण, बकुळ. सप्तपर्णी नको, ऑक्टोबरात फुलली की त्या वासानं अर्धी कॉलनी डोकं धरून बसेल. आणि आधी गाजरगवत उपटा. फुलायच्या आत, हातमोजे घालून, नाहीतर अंगाला खाज आणि नाकाला धार.

शाहूपुरीची_सून
आणि कुलूप नको. असलंच तर किल्ली बाईच्या हातात.

*(सुमारे दोन महिन्यांनंतर)*

मोगरा_७९
धागा वर काढतेय. सगळ्यांचं देणं आहे.
ट्रंकेत नकाशा सापडला, घडीवर फाटलेला, कडेला वाळवीनं खाल्लेला. पण 'ओपन स्पेस' ठसठशीत. नकाशावाला काकांनी सांगितल्याप्रमाणे आधी चहा-पोहे केले, मग सगळ्यांसमोर टेप लावली. कडेच्या एका घराची संडासाची टाकी चार फूट आत आलीय. ते म्हणाले, वडिलांनी बांधली, आम्हाला काय माहीत. तो वाद मिटलेला नाही आणि ते आता आमच्याशी बोलत नाहीत. मंडळाच्या पोरांचा मंडपाचे पाइप हलवायला नकार होता, शेवटी एका कोपऱ्यात रचू दिले. त्याबदल्यात त्याच पोरांनी दोन रविवार गाजरगवत उपटलं. मुरमाच्या दोन ट्रॉल्या वर्गणीतून आल्या. रोलर मिळाला नाही, एकानं रिकामा पिंप पाण्यानं भरून फिरवला. बाक एकच आहे, तोही एका घरातून जुना आणलेला.
एक फेरी १८५ पावलांची. दोन्ही जेवणांनंतर अण्णा चार-चार फेऱ्या मारतात, बूट-मोजे घालून. परवा एक गंमत झाली. बाकावरच्या काकू गप्पांत रमल्या होत्या, उठेचनात. अण्णांनी कुंपणाच्या खांबावर किल्लीनं दोनदा टणटण वाजवलं. डबल बेल! काकू दचकून उठल्या आणि चालायला लागल्या. आता रोज तेच. पोरं त्यांना 'मास्तर' म्हणतात.
किल्ली अर्थात अण्णांकडं. सूनबाई, रागावू नका, दुसरी किल्ली समोरच्या वहिनींकडं दिलीय आणि दुपारी फाटक उघडं असतं. स्वच्छतागृह नाही, पण कोपऱ्यावरच्या घरातल्या काकूंनी सांगितलंय, बायकांनी बिनधास्त बेल वाजवावी.
शुगरची तपासणी पुढच्या महिन्यात. गुडघा तसाच आहे, पण गॅलरीतल्या येरझाऱ्या बंद झाल्या.

नकाशावाला
टाकीचं लेखी द्या. आज बोलणं बंद आहे म्हणून गप्प बसाल, दहा वर्षांनी तिथं खोली उभी राहील. मजकुराचा मसुदा मी पाठवतो.

स्टेथो
छान. तपासणीच्या दिवशी तळवेही दाखवा म्हणावं. आणि बाकाची पाठ धरून एका पायावर उभं राहायचं, दहा आकडे मोजून. तोल सांभाळायचा व्यायाम म्हणालो होतो तो हा.

रानवेडा
कडुनिंबाची तीन रोपं तयार आहेत, कमरेएवढी. पहिला चांगला पाऊस पडला की घेऊन येतो. कुदळ तुमच्याकडची.

पेठेतला_जोशी
आमच्या ले-आउटचा नकाशा कुठं मिळेल? सहज विचारतोय.

कंदीपेढा
जोशीबुवा!!! पाश्चात्य खूळ लागलं बघा.

चारभिंती
सगळं ठीक. पण अण्णांना एकदा अजिंक्यताऱ्यावर आणा, एवढंच म्हणतो.

मोगरा_७९
विचारलं. अण्णा म्हणतात, "वर दरवाज्याजवळपर्यंत गाडी जाते ना? मग सीट धरून ठेव म्हणावं."